गप्प पडलेल्या माणसालाही दवाखान्यात आणा



"रातभर झोपंना, सारखं बोलायलाय, सोयाबीनचा सगळा पैसा वाटून टाकला." लातूर-नांदेडकडे बायपोलर या मानसिक आजाराचा रुग्ण बहुधा अशा उन्मादातच दवाखान्यात येतो, तोही कधी देवऋषी करून झाल्यावर. त्याआधी तो महिनोन् महिने गप्प पडून होता का, असं विचारलं की घरचे म्हणतात, "हो, पण तो आळस होता." हे उत्तर ऐकून जीव तुटतो.

या आजारात उन्माद आणि नैराश्य सारख्या मापानं येत नाहीत. कुणाला एकाचे झटके जास्त, कुणाला दुसऱ्याचे. भारतातल्या अभ्यासांत झटके मोजले तर बऱ्याच रुग्णांत उन्मादाचं पारडं जड दिसतं. काळ मोजला की चित्र बदलतं. अमेरिकेत लुईस जड यांनी पहिल्या प्रकारच्या बायपोलर रुग्णांचा सुमारे १३ वर्षं पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास निम्मा काळ लक्षणांचा होता. एकूण आठवड्यांपैकी ३२ टक्के नैराश्याचे, उन्मादाचे फक्त ९ टक्के. दुसऱ्या प्रकारात तर उन्माद सौम्य असतो, घरच्यांना ती हुशारीच वाटते, आणि निम्मं आयुष्य उदासीत जातं.

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. दवाखाना लांब असला की आरडाओरडा करणाऱ्यालाच गाडीत घालतात. गप्प माणूस घरीच राहतो, आणि आत्महत्येचा धोका नैराश्यातच फार मोठा असतो.

डॉक्टरांना दोन्ही काळ सांगा. पूर्वीचा उन्माद लपवला आणि नुसतं नैराश्याचं औषध सुरू झालं, तर उन्माद उसळू शकतो. या आजारावरचं लिथियम हे औषध १९४९ पासून वापरात आहे आणि आत्महत्येचा धोकाही कमी करतं. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम, कमी पाणी, कडक उपास किंवा मेडिकलवरून आणलेली वेदनाशामक गोळी यांनी त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हात फार थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. निघणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.