वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : आपली अपेक्षा काय असावी?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात कोल्हार येथे दिलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी संस्थेची आज्ञा झाली, म्हणून मी उभा आहे. मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. कोणावर कोणता उपचार करावा, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु डॉक्टरांसमोर बसताना कोणते प्रश्न घेऊन जावेत, हे सांगणे शिक्षकाच्या कामात बसते.

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया हा मुंबई-पुण्याचा विषय आहे, कोल्हारला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. प्रवरेच्या पाण्याने आपल्या भागात ऊस आला, कारखाने आले, दारोदार मोटारसायकल आली. सुबत्ता आली हे चांगलेच झाले. पण चालणे कमी झाले, आणि मधुमेह, रक्तदाब व गुडघेदुखी घराघरांत शिरली. जाहिरातीत शस्त्रक्रियेपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी छापलेले असतात. ते पाहून, ‘मुलीचे ऑपरेशन केले तर निकाहापर्यंत ती बारीक होईल का?’ अशी विचारणा आता आपल्याकडेही होऊ लागली आहे. या प्रश्नातच खरी अडचण आहे.

प्रथम शस्त्रक्रिया काय असते ते पाहू. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. माणूस थोडक्यात तृप्त होतो आणि भूक चेतविणारे स्रावही बदलतात. ही शस्त्रक्रिया चरबी काढण्याची नव्हे, हे नीट लक्षात ठेवावे. चरबी पुढे महिनोन् महिने, कमी खाण्यामुळे उतरते.

ती कोणासाठी, यालाही माप आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. १९९१ साली अमेरिकेत ठरलेला दंडक असा होता की हा आकडा ४० किंवा अधिक असावा, अथवा मधुमेहासारखा आजार जोडीला असल्यास ३५. २०२२ साली तज्ज्ञ संघटनांनी ही मर्यादा अनुक्रमे ३५ आणि ३० वर आणली, व आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली धरावी असे सुचविले. थोडक्यात, चार-आठ किलो उतरवून लग्नाचा पोशाख बसावा, यासाठी ही शस्त्रक्रिया नाही.

आता विद्यार्थ्यांनी मनातल्या मनात एक गणित करावे. एका बाईंची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ११० किलो आहे. १.६ चा वर्ग २.५६, म्हणजे त्यांचा आकडा सुमारे ४३ झाला. या शस्त्रक्रियेने पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते. म्हणजे बाईंचे वजन ८० किलोंच्या आसपास येईल. ८० ला २.५६ ने भागा. उत्तर ३१ येते. तक्त्याप्रमाणे त्या अजूनही स्थूलच!

डॉक्टर म्हणतील, शस्त्रक्रिया यशस्वी झाली. साखर आटोक्यात आली, गोळ्या कमी झाल्या, गुडघ्यांवरचा भार तीस किलोंनी हलका झाला, रात्री झोपेत श्वास अडकायचा तो थांबला. पण बाईंनी मनात ५५ किलो धरले असतील, तर त्या आरशासमोर रडतील. एकाच तराजूवर उभ्या असलेल्या एकाच माणसाचे हे यश आणि अपयश. फरक पडला तो अपेक्षेमुळे.

स्वीडनमध्ये १९८७ साली अशा रुग्णांची एक मोठी पाहणी सुरू झाली आणि ती कित्येक वर्षे चालली. त्यात असे दिसले की एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली जाते आणि पुढे त्यातले काही परत चढते. पण त्याच पाहणीत असेही आढळले की शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण, शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच स्थूल लोकांपेक्षा कमी होते. म्हणजे आरसा सांगतो त्यापेक्षा लाभ मोठा आहे; मात्र तो आरशात दिसत नाही.

अपेक्षांची ही तफावत किती दुःखाला कारण होऊ शकते, हे २०१७ साली मुंबईत साऱ्या जगाने पाहिले. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराची इमान अहमद ही छत्तिशीतली स्त्री. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले. कितीतरी वर्षे ती घराबाहेर पडली नव्हती. त्यात पक्षाघात होऊन गेलेला. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मालवाहू विमानाने तिला मुंबईत आणले, क्रेनने पलंगासह उचलले आणि चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात दाखल केले. डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने आधी पातळ आहारावर तिचे वजन उतरविले आणि मार्चमध्ये जठराची शस्त्रक्रिया केली.

एप्रिलमध्ये वाद पेटला. रुग्णालयाने सांगितले की तीनशे किलोंहून अधिक वजन उतरले. तिच्या बहिणीने तो आकडा मानला नाही. तिचे म्हणणे असे की बहीण बोलत नाही, हलत नाही, मग बरी कशी झाली? डॉक्टरांचे म्हणणे असे की शस्त्रक्रिया वजनावरची होती, पक्षाघाताने झालेली हानी ती भरून काढू शकत नाही. मे महिन्याच्या आरंभी इमानला अबुधाबीला हलविण्यात आले, आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिचे तेथे निधन झाले.

या प्रकरणात न्यायाधीश होण्याचा मला हक्क नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. डॉक्टर किलो मोजत होते आणि बहीण पावले मोजत होती. परमुलखात, परभाषेत, बहिणीच्या उशाशी बसलेल्या त्या स्त्रीला किलोचे काय होय? तिला तिची बहीण उठून चालायला हवी होती. उपचाराच्या आधी दोन्ही बाजूंनी एकच माप ठरविलेले असावे, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

म्हणून सहीच्या आधी घरातल्या सर्वांनी मिळून डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावेत. माझे वजन किती उतरेल, आणि पाच वर्षांनी किती राहील? माझे कोणते आजार सुधारतील, कोणते तसेच राहतील? रक्तस्राव, टाक्यांतून गळती, रक्ताची गाठ असे धोके माझ्या बाबतीत किती आहेत? जन्मभर काय पाळावे लागेल? आणि शस्त्रक्रियेखेरीज दुसरा मार्ग आहे काय? २०२५ साली वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही आपल्या देशात विक्रीस आली. त्यांच्याबद्दलही हेच प्रश्न विचारावेत, कारण ती थांबविली की वजन पुष्कळदा परत चढते.

‘जन्मभर’ या शब्दावर थांबा. प्रथम काही आठवडे पातळ अन्न, मग मऊ अन्न. नंतर आयुष्यभर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि ठराविक काळाने रक्ताची तपासणी. काही महिने केस गळतात. कातडी सैल पडून लोंबते. जाहिरातीच्या फोटोत ती दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. निकाहासाठी घाई करणाऱ्या आईवडिलांनी ही गोष्ट मुलीला आणि होणाऱ्या जावयाला आधी सांगावयास नको काय? रोज्याचेही तसेच. दिवसभर घोट घोट पाणी पिणे ज्याला आवश्यक आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून रोजा धरू नये. आजाऱ्याला आपल्या दीनमध्ये सवलत आहे, हे आपण सारे जाणतो.

आणखी एक काम आपल्या समाजाचे आहे. शस्त्रक्रिया झालेला माणूस वलीम्याला आला, चार घास खाऊन थांबला, की आपण म्हणतो, ‘अरे, एवढेच? आमच्या घरचे आवडले नाही का?’ हा आग्रह त्याच्या जिवावर बेतू शकतो. पोटाचे तीन भाग करून एकच अन्नाला द्यावा, ही हदीसची शिकवण आपण मुलांना मदरशात पाठ करवितो. दस्तरखानावर मात्र विसरतो.

विद्यार्थी मित्रहो, वर्गातल्या जाड मुलाला नावे ठेवू नका. लठ्ठपणा हा आळसाचा दाखला नाही. त्यात अनुवंश असतो, हार्मोन असतात, घरची परिस्थिती असते. तुमच्या एका शब्दाने दुखावलेली मुलगी पुढे शस्त्रक्रियेकडून अशी गोष्ट मागते, जी कोणताही सर्जन देऊ शकत नाही : लोकांची माया.

पालकहो, ज्याला गरज आहे त्याने ही शस्त्रक्रिया घाबरून टाळू नये, आणि ज्याला गरज नाही त्याने हौसेने करू नये. शेत विकण्याआधी प्रश्न विचारावेत. आपल्या मुलीचे वजन किती उतरावे, याआधी तिचे आयुष्य कशाने सुखी होईल, हे तिलाच विचारावे. ती काय उत्तर देते ते ऐकण्याची सवड काढावी, एवढीच माझी विनंती.