अनुशेषाची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

राज्यपाल म्हटले की आपल्याला शपथविधीचे छायाचित्र आठवते, नाहीतर पदवीदान समारंभ. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात एका निवृत्त गुरुजींनी जपलेली कात्रणवही मी चाळली आणि या पदाची दुसरी बाजू दिसली. वही आहे डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांच्या कारकिर्दीची. जानेवारी १९९३ ते जुलै २००२, अशी साडेनऊ वर्षे ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

सुरुवातीच्या पानांवर मुंबईची दंगल, किल्लारीचा भूकंप, १९९५ चे सत्तांतर अशा ठळक मथळ्यांच्या बातम्या आहेत. पण गुरुजींची लाल शाई उमटली आहे ती आतल्या पानांतल्या लहान बातम्यांवर. त्यांत एक शब्द सारखा भेटतो : अनुशेष. राज्याच्या सरासरीपेक्षा एखादा जिल्हा रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांत जितका मागे, तितका त्याचा अनुशेष.

घटनेच्या कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासनिधीची न्याय्य वाटणी व्हावी म्हणून राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकता येते. ही तरतूद १९५६ ची. राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो मार्च १९९४ मध्ये. तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि अलेक्झांडर ही जबाबदारी पेलणारे पहिले राज्यपाल ठरले. २००१ च्या अखेरीस राजभवनातून निधीवाटपाबाबत निर्देश निघाले.

वहीच्या एका पानावर गुरुजींनी दोन आकडे एकाखाली एक लिहिले आहेत. दांडेकर समितीने १९८४ मध्ये काढलेला विदर्भाचा अनुशेष १,२४६ कोटी रुपये. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून काढलेला ६,६२४ कोटी. मधल्या काळात किमती वाढल्या, हे खरे. तरीही मागे राहिलेला जिल्हा धावू लागेपर्यंत पुढचा आणखी पुढे जातो, हे या दोन ओळींतून जेवढे कळते तेवढे मोठ्या भाषणातूनही कळत नाही.

या वहीत आमचे गाव मात्र शोधावे लागते. मथळ्यातले ‘मालेगाव’ बहुतेक वेळा नाशिक जिल्ह्यातले. २००१ मध्ये तिथे दंगल झाली, तेव्हाच्या बातम्या साऱ्या राज्याने वाचल्या. आमचे मालेगाव भेटते ते सिंचनाच्या तक्त्यात, तेही जिल्ह्याच्या नावाआड. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला. त्याआधी आम्ही अकोल्यात मोजले जात होतो. काटेपूर्णा नदी आमच्या तालुक्यातून वाहत जाऊन महानच्या धरणाला मिळते आणि त्या पाण्यावर अकोला शहराची तहान भागते. इथला कोरडवाहू शेतकरी मात्र मृगाच्या आभाळाकडे डोळे लावून बसतो. ‘सिंचनाचा अनुशेष’ हा कागदी शब्द त्याच्या बांधावर असा उतरतो.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळे नसली की हिशेब विचारायची हक्काची जागा उरत नाही. अशा वेळी जुनी कात्रणे उपयोगी पडतात. कोणत्या तारखेला काय कबूल झाले होते, ते त्यात छापील असते. ‘आम्ही असे म्हटलेच नव्हते’ म्हणायची सोय राहत नाही.

वर्तमानपत्राचा कागद फार टिकत नाही. पिवळा पडतो, घडीवर तुटतो. म्हणून गुरुजींनी खळीत मोरचूद घातला, दर कात्रणावर पत्राचे नाव आणि तारीख लिहिली. तारखेविना कात्रण म्हणजे शिक्क्याविना पावती. आपल्या गावच्या वाचनालयातही अशी एक वही सुरू करता येईल. रद्दी घालण्यापूर्वी आपल्या तालुक्यावरची बातमी तेवढी कापून घ्या. मागणी करायला आवाज लागतो, पण ती टिकवायला पुरावा लागतो.