अभ्यासिकेतल्या मुलांना सभासद करून घ्या



 आपल्या ग्रंथालय अधिवेशनांत अनुदानावर खूप बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. मीही बोलणार आहे. पण आज मनात घोळतो आहे तो वेगळा प्रश्न : आपल्यामागे ही ग्रंथालये कोण चालवणार?

आधी ती कोणी उभी केली ते पाहू. रत्नागिरीत १८२८ साली, नाशकात १८४० साली, पुण्यात १८४८ साली वाचनालये सुरू झाली. त्या पहिल्या पिढीत इंग्रज अधिकाऱ्यांचा हातभार होता. पुण्यात लोकहितवादींनी पुढाकार घेतला. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, मुंबईचे १८९८ सालचे. तोवर हे काम इथल्या माणसांनी पुरते आपल्या अंगावर घेतले होते. म्हणूनच महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा दक्षिणेतल्या काही राज्यांहून वेगळी वाट धरली. तमिळनाडू, कर्नाटक इथे ग्रंथालय उपकर गोळा होतो आणि त्यावर सरकारी ग्रंथालये चालतात. आपल्याकडे उपकर नाही. ग्रंथालय संस्थेचे, अनुदान शासनाचे, असा आपला मार्ग आहे. राज्यातली हजारो शासनमान्य ग्रंथालये गावातल्या माणसांवर भरवसा ठेवून उभी आहेत. मला हा मार्ग योग्य वाटतो. मात्र कार्यकारिणी थकली की ग्रंथालयही थकते, हे त्यातले दुखणे आहे.

अनुदानाचे सांगतो. साठ टक्के वाढ झाली, तेव्हा शेवटच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे अनुदान ४८ हजार रुपयांवर गेले. त्यातले निम्मे वेतनासाठी. म्हणजे रोज दार उघडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती तेव्हा महिन्याला दोन हजार रुपये आले. तेही हप्त्यांनी आणि उशिरा. या सेवकांना किमान वेतन मिळाले पाहिजे, ही मागणी मी या व्यासपीठावरून पुन्हा करतो. पण अनुदान आल्यापासून आपणही गावात वर्गणी मागायला जायचे सोडले, हेही खरे आहे. वर्गणीसाठी दारात गेलेला कार्यकर्ता घराघरांत ग्रंथालयाची आठवण ठेवून येत असे. ती ये-जा थांबली आणि गावाचा ग्रंथालयाशी असलेला संबंध पातळ झाला.

आता कार्यकारिणीकडे पाहू. बहुतेक ठिकाणी निवृत्त शिक्षक, निवृत्त कर्मचारी, तीच नावे. निवडणूक बिनविरोध, इतिवृत्तावर त्याच सह्या. एखादे विश्वस्त वारतात. विश्वस्त बदलल्याचे कळवणारा बदल अर्ज मुदतीत दाखल होत नाही. मग धर्मादाय कार्यालयात जुन्याच मंडळाची नोंद राहते आणि बँकेतले व्यवहार अडतात. वाद झाला तर वर्षानुवर्षे तारखा. दुपारच्या वेळी पुस्तके बदलायला येणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात, आणि कार्यकारिणीत एखादीच.

दुसरीकडे अनेक ग्रंथालयांची अभ्यासिका भरलेली आहे. तलाठी भरती, पोलीस भरती, राज्यसेवा. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुलेमुली खुर्च्या सोडत नाहीत. दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला जागा नसलेली मुलगी इथे निर्धास्त बसते. आपण तिच्याकडून महिन्याचे शुल्क घेतो आणि नाव वेगळ्या वहीत लिहितो. सभासद नोंदवहीत ती नाही, सर्वसाधारण सभेची सूचना तिला जात नाही. ‘ही मुले वाचत नाहीत, फक्त गाईड पाठ करतात,’ अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. ती मला अन्यायाची वाटते. आपल्या छपराखाली रोज दहा-बारा तास बसणाऱ्याला आपण कधी कथासंग्रह हातात दिला का? पुस्तकखरेदीच्या यादीबद्दल विचारले का?

ही मुले संगणक जाणतात. दाखलनोंद वहीतली पुस्तके संगणकावर चढवायचे रखडलेले काम ती एका उन्हाळ्यात उरकतील. नोकरी लागली की निघून जातील, हे मान्य. जाऊ देत. दोन वर्षे मनापासून काम करणारा कार्यकर्ता संस्थेला हवाच असतो, आणि पुढे जिथे नेमणूक होईल तिथल्या ग्रंथालयाची पायरीही तो चढेल.

यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. संस्थेच्या घटनेत मतदानाचा हक्क असलेले, माफक वर्गणीचे विद्यार्थी सभासदत्व घाला. कार्यकारिणीत तरुणांसाठी दोन आणि स्त्रियांसाठी दोन जागा ठेवा. ज्येष्ठांनी हिशेब, लेखापरीक्षण, बदल अर्ज ही कामे या नव्या सदस्यांना शेजारी बसवून शिकवावीत. घटनादुरुस्तीचा ठराव रीतसर मंजूर करून धर्मादाय कार्यालयाकडे पाठवा.

आपल्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि त्या सभेची सूचना अभ्यासिकेच्या दारावरही लावा, एवढी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.