चरबी घटवा, स्नायू वाढवा

पहाटे ग्वारीघाटाकडे झपाझप चालत जाणारे जबलपूरकर आपण पाहतो. वजन उतरावं, ही त्यांची इच्छा. पण नुसतं जेवण तोडलं, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग चरबी घटवताना स्नायू वाढवता येतील का? हो, येतील.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली, वजन जास्त असलेल्या ४० तरुणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार आठवडे त्यांचा आहार बराच कमी केला आणि कसून व्यायाम करून घेतला. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी सरासरी ४.८ किलो घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं. निम्मी प्रथिनं घेणाऱ्यांचं ते जेमतेम टिकलं.

इतका कडक प्रयोग घरी करू नका; त्यातलं तत्त्व घ्या. आठवड्यातून किमान दोन दिवस जोर, बैठका काढा किंवा वजनं उचला. भार हळूहळू वाढवा. भात, तेल, साखर थोडी कमी करा. वरण, उसळ, दही, अंडी वाढवा. आपल्या मध्य प्रदेशात सोयाबीन भरपूर पिकतं. त्याच्या ५० ग्रॅम कोरड्या वड्यांतून सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. झोपही पुरेशी घ्या.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि वजनकाटा हलला नाही म्हणून निराश होऊ नका. महिन्यातून एकदा कंबर मोजा.