खोकल्याची नोंद वहीत झाली पाहिजे

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून वेतन, बढती, कामाचे तास यांवर पुष्कळ बोलणे झाले. आमच्या वाट्याला विषय आला आहे तो हवा आणि पाणी तपासण्याच्या स्वस्त, घरगुती साधनांचा. चहाच्या वेळी एका साथीने विचारलेच, की हे शास्त्रज्ञांचे काम, युनियनचा यात काय संबंध? आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. तरी हा विषय आम्ही मागून घेतला, कारण या बाबतीत आम्ही एकदा सपशेल तोंडघशी पडलो आहोत.

आमच्या शाखेच्या हद्दीत एक मालधक्का आहे. सिमेंटचा रेक लागला की तेथे समोरचा माणूस दिसत नाही. माल बाबू, पॉइंट्समन आणि पोती वाहणारे हमाल, सगळे तीच धूळ खातात. हमाल ठेकेदाराचे. ते आपले सभासद नाहीत, त्यांचे ओझे आपण का घ्यावे, असेही कार्यकारिणीत कोणी म्हणाले. आम्ही म्हटले, धूळ सभासदत्वाची पावती पाहून छातीत शिरत नाही. प्रश्न पी.एन.एम.च्या बैठकीत मांडला. उत्तर आले, "धूळ असेल, पण किती? तुमच्याकडे आकडा आहे काय? आणि खोकणारे लोक बिड्या ओढतात." आमच्याकडे आकडा नव्हता. विषय मिनिटांत दोन ओळी होऊन संपला.

बंधूंनो, कामगाराने आपल्या जिवासाठी हवा तपासणे ही नवी गोष्ट नाही. १८१५ साली इंग्लंडात हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला. खाणीत मिथेन वायू आला की त्याची ज्योत लांब होई, प्राणवायू कमी पडला की ज्योत मंद होई. पुढे ब्रिटनच्या खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी खाली नेत, ती पद्धत १९८६ पर्यंत चालली. ही साधने कामगाराच्या हातात होती, साहेबाच्या टेबलावर नव्हती.

साधन हातात नसले म्हणजे काय होते ते भोपाळने दाखवले. त्या कारखान्यात वायूची गळती कशी कळे? कामगारांचे डोळे चुरचुरले म्हणजे गळती आहे असे समजायचे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीही पहिली सूचना कामगारांच्या डोळ्यांनीच दिली. त्यापूर्वी दोन वर्षे तेथले कामगार धोक्याची ओरड करीत होते. पण डोळ्यांतले पाणी कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

आता तामिळनाडूतील कडलूरची गोष्ट ऐका. तेथील सिपकॉट औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. आसपासच्या गावांना रात्री-अपरात्री उग्र वास यायचा. तक्रार करावी तर अधिकारी येईपर्यंत वास गेलेला असे. २००४ साली गावकऱ्यांनी बादली वापरायला सुरुवात केली. ही युक्ती १९९५ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी निघाली. झाकणाची प्लॅस्टिकची बादली, आत विशिष्ट प्लॅस्टिकची पिशवी, झाकणाला व्हॉल्व्ह आणि एक छोटा पंप. पंपाने बादलीतली हवा बाहेर काढली की पिशवी फुगते आणि बाहेरची हवा तिच्यात भरते. पिशवी प्रयोगशाळेत पाठवायची. कडलूरच्या नमुन्यांत कर्करोगास कारण ठरणारी रसायनेही सापडली. पण आमच्या मते बादलीपेक्षा मोठे काम त्यांच्या वहीने केले. वास कधी आला, कसला होता, वारा कोणत्या दिशेचा होता, कोणाला काय त्रास झाला, हे त्यांनी लिहून ठेवले. आकडा आणि वही एकत्र आल्यावर नुसते "वास-बिस काही नाही" म्हणणे सोपे राहिले नाही.

हे वाचून आम्हीही उत्साहाने कामाला लागलो. शाखेतील एका साथीचा मुलगा आय.टी.आय. झालेला. त्याने धूळ मोजण्याचे यंत्र जोडून दिले. आतला मुख्य भाग काडेपेटीहून थोडा मोठा. बारीकसा पंखा हवा आत ओढतो, लेसरच्या किरणातून धुळीचे कण जाताना प्रकाश विखुरतो आणि त्यावरून यंत्र धुळीचा अंदाज सांगते. सगळे मिळून काही हजार रुपयांत झाले. सरकारी केंद्रातील यंत्राला कित्येक लाख लागतात.

आम्ही ते युनियन ऑफिसच्या खिडकीत टांगले आणि आकडे घेऊन पुढल्या बैठकीला गेलो. समोरच्या अधिकाऱ्याने तीनच प्रश्न विचारले. खिडकीखाली चहावाल्याची भट्टी आहे ना? हे आकडे पहाटेच्या धुक्यातले आहेत ना? आणि ६० मायक्रोग्रॅमची जी मर्यादा तुम्ही दाखवता ती गावातल्या हवेची, चोवीस तासांच्या सरासरीची आहे, कामाच्या जागेची नव्हे, हे ठाऊक आहे ना? तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बैठकीत हशा झाला. आम्ही मान खाली घालून बाहेर आलो.

पण त्या हशाने आम्हाला शिकवले. हवेत दमटपणा फार असला की कण पाणी धरून फुगतात आणि यंत्र धूळ वाढवून सांगते. उलट सिमेंटची जाड धूळ या यंत्राला नीट दिसतच नाही, तेथे ते कमी सांगते. धूळ सिमेंटची, वाळूची की धुराची, हेही त्याला कळत नाही. वायू तर ते मोजतच नाही.

मग दुसरे यंत्र जोडले. प्रथम दोन्ही यंत्रे तीन दिवस शेजारी-शेजारी ठेवून त्यांचे एकमेकांशी जुळते की नाही ते पाहिले. नंतर एक धक्क्याच्या वाऱ्याकडील बाजूस ठेवले, दुसरे जेथे धूळ वाहत जाते त्या बाजूस. भट्टीपासून दोन्ही लांब. माल बाबूने रेक लागल्याची वेळ, काम सुरू झाल्याची वेळ, जेवणाची सुट्टी आणि रेक सुटल्याची वेळ वहीत लिहिली. महिनाभराने कागद समोर मांडले. पोती उतरू लागली की दुसऱ्या यंत्राचा आकडा चढतो, जेवणाच्या सुट्टीत उतरतो, पुन्हा काम लागले की चढतो. पहिले यंत्र मात्र शांत. बिडी काय फक्त रेक लागल्यावरच ओढतात?

या वेळी आम्ही "मर्यादा ओलांडली" असे म्हटलेच नाही. आम्ही म्हटले, आमचे यंत्र स्वस्त आहे, चूक असेल, तुमचे चांगले यंत्र आणा आणि रेक लागलेला असताना मोजा. ती मागणी नाकारणे अवघड होते. मोजणी झाली. पाणी मारणे सुरू झाले, फाटकी पोती वेगळी काढू लागले, मास्क आले. हमालांना मास्क मिळायला आणखी भांडावे लागले. धक्क्यावर शेडची मागणी अजून पडून आहे. तेव्हा जिंकलो असे आम्ही म्हणणार नाही, पण विषय आता मिनिटांतून पुसता येत नाही.

पाण्याचेही असेच आहे, आणि ते आणखी स्वस्त आहे. रनिंग रूम, गेट, गँगच्या क्वार्टर्स येथे तपासणी आपण करू शकतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील शास्त्रज्ञांनी एक बाटलीची चाचणी शोधली आणि १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत ती प्रसिद्ध झाली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. पाणी खुणेपर्यंत भरायचे आणि उबदार जागी ठेवायचे. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी काळे झाले तर त्यात मैला मिसळल्याचा संशय घ्यायचा. पाण्यात मुळातच गंधकाचा अंश असला तरी ते काळे होऊ शकते, म्हणून काळी बाटली म्हणजे निकाल नव्हे, प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याची मागणी होय. क्लोरीन आहे का ते थेंब टाकून रंगावरून कळते. टाकीपाशी नव्हे, शेवटच्या नळाला तपासा. भारतीय मानकाप्रमाणे तेथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे. टी.डी.एस.च्या पेनावर मात्र भुलू नका. ते पाण्यात विरघळलेले क्षार सांगते, जंतू सांगत नाही. पेनावर उत्तम दिसणाऱ्या पाण्याने कावीळ होऊ शकते.

तेव्हा प्रत्येक शाखेने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, यंत्र घेण्याआधी वही घ्या. तारीख, वेळ, जागा, वारा, कोणते काम चालू होते, कोणाला काय त्रास झाला आणि नोंद करणाऱ्याची सही. दुसरी, सोयीचे आकडे ठेवून गैरसोयीचे फाडू नका. एक पान फाटले की सारी वही खोटी ठरते. तिसरी, आपल्या आकड्यावर कोणाला दोषी ठरवू नका, त्या आकड्याच्या जोरावर खरी मोजणी मागा, आणि त्या मोजणीच्या वेळी आपला माणूस हजर ठेवा.

त्या मालधक्क्यावर एक वयस्क हमाल होते. आम्ही पहिल्यांदा आकड्याविना बैठकीला गेलो तेव्हा ते कामावर होते. वही सुरू झाली तोवर दम लागतो म्हणून गावी निघून गेले होते. त्यांच्या छातीत काय होते ते कोणी तपासले नाही, कोठे लिहिलेही नाही. आमच्या वहीत त्यांचे नाव नाही, याची आम्हाला खंत आहे. तुमच्या शाखेत जो आज खोकतो आहे, त्याचे नाव उद्यापासून वहीत आले पाहिजे, एवढेच आमचे सांगणे आहे.