पक्ष, साध्य, सिद्धता



काल जालना स्टेशनवर उतरल्यापासून चौघांनी विचारलं, "तू कॉम्प्युटरवर नेमकं करतेस तरी काय?" उत्तर म्हणून माझी एक फजितीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप बंद पडला. नव्यावर सगळं परत बसवायला आठ दिवस गेले, कारण आधी काय, कोणत्या क्रमानं बसवलं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी निक्सओएस या लिनक्सकडे वळले. नेदरलँड्समध्ये एल्को डोल्स्ट्रा यांनी 2003 साली निक्सचं काम सुरू केलं, त्यातून ती पुढे उभी राहिली. तिथे 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगायचं नाही. मशीन कसं हवं ते एका फाइलमध्ये लिहायचं: कोणते प्रोग्रॅम, कोणते वापरकर्ते, मराठी कीबोर्ड. मग एक आज्ञा द्यायची.

ऐकायला सोपं वाटतं. मला दोन महिने रडवलं. नेटवरून उतरवलेला प्रोग्रॅम चालेना. सेटिंगची फाइल हातानं बदलायला जावं, तर ती हातच लावू देईना. चुकीचा संदेश आला की पानभर, आणि त्यात चूक कुठे आहे तेवढंच नसायचं! भाषाही वेगळी, एकदा नावाला दिलेली किंमत पुढे बदलता येत नाही. 'क्ष = क्ष + 1' लिहिण्यात वीस वर्षं गेलेली मी. ऑफिसात 'करून दाखवते' म्हणून बसले होते, आणि माझ्या निम्म्या वयाचा मुलगा मला समजावत होता. चाळिशीनंतर पहिल्या बाकावरून थेट शेवटच्या.

सर, एका रात्री तुमची भूमितीची वही आठवली. पक्ष, साध्य, सिद्धता. साध्य नीट लिहिल्याशिवाय तुम्ही सिद्धतेला हात लावू देत नव्हता. मी मात्र नुसत्या पायऱ्या लिहीत बसले होते. ही फाइल म्हणजे साध्य! आणि कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत मी 'क्ष = क्ष + 1' दाखवलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "मग शून्य बरोबर एक झालं की गं."

पुढे एकदा, सकाळी सादरीकरण आणि रात्री माझ्याच बदलानं स्क्रीन काळी. मशीन पुन्हा सुरू केलं, यादीतून कालची रचना निवडली, पाच मिनिटांत काम चालू. (आपले फोटो, कागदपत्रं असे परत येत नाहीत बरं का, त्यांची प्रत वेगळी ठेवा.)

शाळेच्या संगणक कक्षासाठी अशीच एक फाइल लिहून आणली आहे. आज सकाळी दोन मशीनवर चालली. तिसरं अजून रुसलेलं आहे; जेवणानंतर बसते. सर, तुम्ही येऊन साध्य तेवढं तपासा.