पाठीशी उभे राहावे, पाठीशी घालू नये

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



या मंदिराचे काम चालू असता जुन्या भिंतीस भेग सापडली. वरून गिलावा करा, असे मीच सुचविले. गवंडी म्हणाले, "अण्णा, भेग आधी उकरायला पाहिजे. झाकली तर आतून वाढते." तेव्हा मला माझ्या घरची गोष्ट आठवली. ती आज आपल्यापुढे ठेवतो.

२०१७ साली ऐन द्राक्षांच्या हंगामात माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने माझी मोटारसायकल नेली. आधीही नेत असे; मी कानाडोळा करी. तासगावच्या रस्त्यावर, मळ्यातून घरी निघालेल्या एका मजुरास त्याची धडक बसली. त्यांचा पाय मोडला. रात्री भावकी जमली. "गाडी तुमची, लायसन तुमचे. मीच चालवीत होतो म्हणा, पोरगं सुटेल." मुलाची आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "त्याचं बारावीचं वर्ष आहे हो." माझेही मन डळमळले. पण वाटले, आज खोटे बोललो तर पोर एवढेच शिकेल की, बाप आहे तोवर काही बिघडत नाही.

सकाळी त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. पुढे बाल न्याय मंडळापुढे प्रत्येक तारखेस मी त्याच्या शेजारी होतो. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. मुलाने त्या मजुरांच्या घरी जाऊन पाय धरले. दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. आज मळ्यातल्या बायाबापड्यांना तोच जपून घरी पोचवितो. त्या गृहस्थांचा पाय मात्र अजून लंगडतो, हे मी विसरत नाही.

पुण्यात १९ मे २०२४ रोजी अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांचा बळी घेतला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली मुलाच्या आईवडिलांनाच अटक झाली. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. आपण आपल्यापुरता बोध घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा गुन्ह्यासाठी पालकास वा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

मंडळी, लेकराच्या पाठीशी जरूर उभे राहावे. चुकीला पाठीशी घालू नये.

गणपती बाप्पा मोरया!